तापल्या टोकानं लाकडावर देवनागरी: पायरोग्राफीचा संच कसा वापरावा?

पडवी · १० मे, रात्री ९:२०

मामाच्या घराची कौलं यंदा परतून झाली, पडवीला नवा वासा घातला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की घराला नाव आहे पण नावाची पाटी नाही. नाव 'आजोळ'. आम्ही भावंडांनी लहानपणी ठेवलेलं. मामीचं म्हणणं एकच: रंगवलेली नको, प्लास्टिकची तर नकोच, लाकडावर भाजून काढलेली अक्षरं हवीत. ते काम मी अंगावर घेतलं.

मार्चमध्ये लाकूड जाळायचा बहुउपयोगी संच घेतला. ६० वॅट, २२० व्होल्ट, मुठीवर तापमानाची फिरकी, २०० ते ४५० अंश सेल्सिअस. पेटीत वीस-बावीस पितळी टोकं, सोल्डरिंगचं एक टोक, चपट्या चकतीचं एक, सुरीचं पातं बसवायची मूठ आणि चांदणी-पान-फुलाचे शिक्के. दोन महिन्यांत चार फळ्या वाया गेल्या आणि पाचवी जमली. अनेकांकडे असा संच कपाटात पडून असतो हे मला माहीत आहे, म्हणून जे हाताला कळलं ते सविस्तर लिहिते. माझे दोन प्रश्नही आहेत, ते शेवटी.

टोकांच्या गर्दीत हरवू नका. मी पूर्ण पाटी तीन टोकांवर केली. छिन्नीसारखं तिरकं टोक रेघांसाठी, मण्यासारखं गोल टोक वळणांसाठी, आणि पानासारखं चपटं टोक छटेसाठी. बाकीची अजून पेटीतच आहेत.

पहिली फळी खोक्याच्या पाइनची. त्यात मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून असतात. टोक मऊ पट्ट्यात खोल शिरतं आणि कडक पट्ट्यावरून नुसतं घसरतं, त्यामुळे सरळ रेघसुद्धा तुटक दिसते. शिवाय गाठीजवळ राळ उकळून वर आली. दुसरी प्लायवूडची. वरचा पापुद्रा इतका पातळ की टोक थेट आतल्या डिंकात गेलं, घशाला खवखव सुटली, मी बटण बंद करून बाहेर आले. तिसरी आंब्याची, पण लाकूड ओलं होतं. टोक टेकलं की चर्र आवाज, वाफ, आणि रेघ फिकट. चौथीचं लाकूड चांगलं होतं, पण अक्षरं उतरवायला मी निळा कार्बन वापरला. त्याची शाई तेलकट, खोडरबरानं जात नाही, आणि भाजलेल्या रेघेच्या कडेनं निळी सावली कायमची राहिली. आता मी कागदाच्या मागच्या बाजूला ६बी शिसपेन्सिल घासते आणि पुढून गिरवते. ती खूण खोडता येते.

पाचवी शिवणीची. वखारीत एका काकांनी हाताने निवडून दिली. फिकट पिवळसर, रेषा जवळ जवळ, गाठ नाही. १२०, १८०, २४० असा काचपेपर मारला, मग ओलं फडकं फिरवलं. पाण्यानं लाकडाची लव उभी राहते. सुकल्यावर ३२० चा हलका हात दिला की ती कापली जाते आणि पृष्ठभाग तळहाताला रेशमासारखा लागतो. ही पायरी टाळली तर टोक त्या लवेत अडकत राहतं.

आता मुख्य गोष्ट. रंग तापमानानं ठरतो असं मला वाटत होतं. तापमानापेक्षा तो हाताच्या वेगानं ठरतो. फिरकी एका जागी ठेवा: हात चटकन गेला तर बदामी, सावकाश गेला तर खरपूस, थांबला की करपलं. म्हणून फिरकी थोडी खाली ठेवून हात सावकाश चालवणं बरं. फार तापलेल्या टोकानं रेघेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी झाक पसरते आणि अक्षराची कड मरते. त्याच फळीच्या कापलेल्या तुकड्यावर आधी पाच रेघा ओढून पाहायच्या, दर वेळी फिरकी थोडी पुढे. प्रत्येक फळीचं गणित वेगळं निघतं.

आणि टोक टेकवून मग ओढायचं नाही. हात आधी हलता हवा, हलता हलताच टोक लाकडाला लागलं पाहिजे, आणि हलत असतानाच सुटलं पाहिजे. रांगोळीची लांब रेघ सोडताना चिमूट सुटायच्या आधी हात निघालेला असतो, अगदी तसं. नाहीतर प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला काळा गोळा येतो.

देवनागरीत हा गोळा फार छळतो, कारण आपल्या प्रत्येक अक्षराला शिरोरेखेशी जोड आहे. 'आजोळ' या तीन अक्षरांत असे सहा-सात सांधे येतात आणि तिथे लाकूड दोनदा भाजतं. मी असं केलं: प्रत्येक दंड शिरोरेखेच्या जागेपासून सुरू करून खाली, स्वतःकडे ओढला. सुरुवातीचा गडदपणा वर राहिला. सगळी अक्षरं झाल्यावर शेवटी शिरोरेखा, तीही जरा जाड, म्हणजे ते सगळे ठिपके तिच्या पोटात गेले. शिरोरेखेसाठी फळी काटकोनात फिरवून घेतली, कारण रेघ आपल्याकडे ओढली तरच हात स्थिर राहतो. त्याआधी कटरनं एक बारीक चर पाडून घेतली, टोक त्या चरीतून सरळ चालतं. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं जाताना टोक रेषेच्या मागे भरकटतं, ते चरीमुळे थांबलं.

'ळ' ला मला तीन संध्याकाळी लागल्या. त्याच्या दोन्ही पाकळ्या सारख्या यायला मनगट वळवून चालत नाही. हात जागच्या जागी ठेवायचा आणि डाव्या हातानं फळी फिरवायची.

आता प्रश्न. एक, कोकणातल्या पावसात पडवीच्या तोंडाशी पाटी लावायची तर वरून काय लावावं? दोन, धुरासाठी तुम्ही काय करता? मी सध्या खिडकीत बसते.

---

रंधा · १० मे, रात्री ११:०५

पडवीताई, मनापासून लिहिलंत. आमचं घर सुतारकामाचं, सावंतवाडीकडचं, म्हणून लाकडाबद्दल थोडं.

शिवण घेतलीत ते उत्तम. हलकी, न वाकणारी, रेषा शांत. आमच्याकडे चितारआळीतली खेळणी पांगाऱ्याची होत आली. पांगारा त्याहून मऊ, कापसासारखा हलका, रंग घ्यायला फार छान. पण भाजायला तो लगेच खोल जातो. पांगारा असेल तर फिरकी २५० च्या आसपास ठेवा आणि दाब अजिबात देऊ नका, मुठीचं वजन पुरे.

साग टाळा असं म्हणणार नाही, पण सागात तेल असतं. धूर जास्त, वास उग्र, आणि रंग मुळातच तपकिरी असल्यानं अक्षर उठत नाही. शिसवाचं तेच. फणसाची फळी मिळाली तर जरूर बघा, हळदीसारख्या पिवळ्या लाकडावर गडद अक्षर फार देखणं दिसतं. फणस उन्हात रापून हळूहळू तांबूस होतो हे लक्षात ठेवा.

लाकूड सुकलंय का हे कळायला साधी खूण: फळी गालाला लावा. ओलं लाकूड गार लागतं. वखारीतून आणलेली फळी दोन फळकुटं खाली देऊन, हवा खेळेल अशी, सावलीत ठेवायची. उन्हात ठेवली तर तडकते.

खोक्याचं लाकूड फुकट मिळतं म्हणून लोक वापरतात. परदेशातून आलेल्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसाची खूण असलेला शिक्का असतो. त्यात रोमन लिपीत 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. एमबी घरात आणूच नका. एमडीएफही नको. तो लाकडाचे बारीक तंतू आणि फॉर्मल्डिहाइडची राळ दाबून केलेला असतो, भाजला की ती राळच श्वासात जाते.

आणि झाड ओळखीचं नसेल तर भाजू नये. कण्हेरीचं लाकूड, फांदी, काही म्हणजे काही जाळायचं नाही, ती विषारी आहे. बिब्बा अंगावर उततो हे तर आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

---

ओममीटर · ११ मे, सकाळी ७:५०

यंत्राच्या बाजूनं चार शब्द, कारण हे संच माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

सर्वांत जास्त बिघाड टोकाच्या आट्यांचा. टोक गरम असताना पकडीनं आवळलं की पितळ मऊ असल्यामुळे आटे झिजतात. पूर्ण गार झाल्यावर बोटांनी बसवा, मग पकडीनं अगदी पाव फेरा. आणि काम संपलं की टोक सैल करून ठेवा. महिनोन् महिने तसंच राहिलं तर आटे जळून चिकटतात आणि काढताना आतला चिनी मातीचा भाग फुटतो.

टोकावर काजळी धरली की उष्णता लाकडापर्यंत पोचत नाही, मग माणूस फिरकी वाढवतो आणि आणखी काजळी धरते. दर काही मिनिटांनी पितळी तारेच्या ब्रशवर टोक फिरवा. पितळी टोकावर लोखंडी ब्रश किंवा कानस नको, ओरखडे पडले की ते लाकडावर उमटतात.

ज्यांच्याकडे फिरकी नसलेलं साधं यंत्र आहे त्यांनी तेवढ्या वॅटला चालणारा चांगला डिमर मध्ये लावला तर उष्णता कमी-जास्त करता येते. मात्र यंत्रात आधीच इलेक्ट्रॉनिक फिरकी असेल तर वर डिमर लावू नका, दोन्ही एकमेकांशी भांडतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. संचात सोल्डरिंगचं टोक दिलंय म्हणून बहुतेक जण तेच टोक नंतर लाकडावरही चालवतात. बाजारातलं नेहमीचं सोल्डर म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ते १९० अंशाच्या आसपास वितळतं आणि टोकावर त्याचा थर राहतो. त्या टोकानं पोळपाटावर, चमच्यावर किंवा मुलांच्या खेळण्यावर नक्षी काढली तर शिसं तिथे जातं. सोल्डरिंगचं टोक वेगळ्या डबीत, खूण करून ठेवा.

संचासोबत पत्र्याचा जो बारका स्टँड येतो त्यावर विसंबू नका. वायरीला जरा ओढ बसली की यंत्र खाली येतं. मी तो स्टँड जुन्या फरशीच्या तुकड्याला स्क्रूनं घट्ट केलाय.

---

बोरू · ११ मे, दुपारी १:१५

शिरोरेखा शेवटी, हे वाचून आनंद झाला. बोरूनं लिहिताना आम्ही कित्येकदा तसंच करतो.

एक भर घालतो. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून उभी रेघ जाड आणि काही तिरक्या रेघा बारीक येतात. देवनागरीचं सगळं सौंदर्य त्या जाड-बारीकपणात आहे. भाजताना तिरक्या टोकाची धार तसाच कोन धरून ओढता येत नाही, ती आडवी सरकताना लाकूड खरवडते. म्हणून अक्षराची फक्त बाह्यरेषा तिरक्या टोकानं काढा आणि पोट पानाच्या टोकानं भरा. वेळ लागतो, पण अक्षर बोरूचं दिसतं.

भरताना कडेपासून आत या. आतून कडेकडे गेलात तर एखाद्या वेळी टोक बाहेर सांडतं, आणि भाजलेलं लाकूड पुसता येत नाही. अगदी बारीक चूक असेल तर कटरच्या पात्याच्या टोकानं हलकं खरवडून निघते, खोल गेली तर नाही.

अक्षरांमधली जागा आधी कागदावर ठरवा. 'आजोळ' मध्ये 'जो' चा काना आणि मात्रा उभी जागा खातात आणि 'ळ' आडवी पसरतो. मोजपट्टीनं सारखं अंतर ठेवलं तर 'ळ' दूर गेल्यासारखा वाटेल. डोळ्यानं ठरवा.

---

शाळाबाई · ११ मे, रात्री ८:४०

मी सातवी-आठवीच्या मुलांना कार्यानुभवात हे शिकवते. एका वेळी दोनच मुलं, मी बाजूला उभी, बाकीचे चित्र उतरवत बसतात. सुरुवात आइस्क्रीमच्या काड्यांवर. काडी स्वस्त, लाकूड फिकट, आणि एका काडीवर एक अक्षर एवढंच ध्येय. मुलं पेनसारखं धरतात तेव्हा बोटं आपोआप पुढे सरकतात, म्हणून मुठीवर बोटांच्या हद्दीला सुती दोऱ्याचे वेढे गुंडाळून ठेवलेत. दोरा ओलांडायचा नाही, एवढं सांगितलं की पुरतं.

चटका बसलाच तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही नाही. अंगठी किंवा बांगडी असेल तर सूज यायच्या आत काढायची.

चकतीच्या टोकाचा उपयोग कुणी लिहिला नाही म्हणून सांगते. लेझर प्रिंटरवर काढलेलं चित्र लाकडावर पालथं ठेवून वरून गरम चकती सावकाश फिरवली की चित्र लाकडावर उतरतं. लेझरची काळी पूड प्लास्टिकसारखी असते, उष्णतेनं वितळून ती लाकडाला धरते. शाईच्या प्रिंटरचं चित्र असं उतरत नाही. आणि अक्षरं असतील तर छापतानाच आरशातल्यासारखी उलटी छापा. आमच्या वर्गाची पहिली पाटी उलटी उमटली, मुलींना फार वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी त्यांनीच फळी घासून पुन्हा केली.

---

वादी · १२ मे, सकाळी १०:३०

कोल्हापुरातून. याच टोकांनी चामड्यावरही सुंदर काम होतं, पण चामडं वनस्पतीनं कमावलेलंच हवं. आमच्या चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात. त्यावर २०० अंशाच्या आसपास, म्हणजे फिरकी अगदी खाली ठेवून, हलका हात दिला की गडद तपकिरी रेघ येते. बाजारात पर्स-जॅकेटचं जे मऊ चामडं मिळतं ते बहुधा क्रोम देऊन कमावलेलं असतं. ते भाजू नका, त्या धुरात क्रोमियमची घातक रूपं असू शकतात. ओळखायची खूण: कापलेली कड बघा. वनस्पतीच्या चामड्याची कड आतून भुरी-तांबूस असते, क्रोमची बरेचदा निळसर-करडी.

---

पडवी · १२ मे, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. रंधादादा, गालाला फळी लावून पाहिली, शिवण खरंच उबदार लागली आणि उरलेला आंबा अजून गार आहे. ओममीटर, स्टँड आजच फरशीला बसवला. बोरू, तुमच्या म्हणण्याप्रमाणे 'ळ' थोडा आत घेतला असता तर बरं झालं असतं. पुढच्या पाटीला तसं करीन.

धुराबद्दल अजून कुणी सांगाल का?

---

दूरदेशी · १२ मे, रात्री ११:४५

मिनेसोटात राहते. इथे भाजायला बासवूड हे लाकूड सगळे वापरतात. लिंडेनच्या जातीचं, पांढरट, जवळजवळ रेषाच नसलेलं. भारतात शोधत बसू नका, शिवण त्याच कामाची आहे.

धुराचं: पंखा आपल्याकडून फळीकडे लावला तर वारा टोकावर येतो, टोक गार होतं आणि रेघ फिकी पडते. पंखा फळीच्या पलीकडे, तोंड खिडकीकडे करून ठेवा, म्हणजे तो धूर ओढून बाहेर टाकतो. एन-९५ मास्क धुरातले बारीक कण अडवतो, पण वायू अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. तासभर रोज काम करणार असाल तर तो घ्या. आणि वाकून बसू नका. फळी थोडी तिरकी, चौरंगावर पुस्तक ठेवतो तशी ठेवली की तोंड धुराच्या रेषेतून बाहेर येतं.

दुसरं, सध्याच्या संचानंतर पुढे जायचं असेल तर तारेचं टोक असलेलं यंत्र बघा. त्यात पितळी कांडीऐवजी निक्रोमची बारीक तार तापते, काही सेकंदांत गरम आणि तितक्याच लवकर गार. पेन हातात हलकं असतं आणि बोटं लाकडाच्या जवळ जातात. डोळ्यांच्या पापण्या, पक्ष्यांची पिसं अशी कामं त्यावर सोपी. पण जाड शिरोरेखेला पितळी टोकासारखी साठलेली उष्णता तारेत नसते.

या कलेचा एक धागा मला आवडतो. १८७० च्या दशकात पाकेलां नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं जखम डागायचं उपकरण केलं. प्लॅटिनमचं पोकळ टोक, आत बेंझिनची वाफ, फुगा दाबत राहिला की टोक तापलेलं राही. पुढे तीच रचना लाकडावर चित्र भाजणाऱ्यांच्या हाती आली. त्याआधी चुलीत सळई तापवायची, ती गार झाली की पुन्हा चूल. आपल्याकडे वैदू आणि धनगर डागण्या देत, त्या सळईशी याचं नातं थेट लागतं.

---

तुंबा · १३ मे, दुपारी ४:१०

चुलीत तापवलेली सुरी अजून चालू आहे. बस्तरला तुमाशिल्प करतात. वाळलेल्या भोपळ्यावर तापवलेल्या लोखंडी पात्यानं माणसं, झाडं, हरणं, पट्टे काढतात. मी चंद्रपूरचा, तिकडे जाणं-येणं असतं, तिथूनच मला हे वेड लागलं.

आपल्याकडे पंढरपूरच्या बाजूला मोठे भोपळे पिकवतात, ते मिरजेला तंबोऱ्या-सतारीसाठी जातात. ते महाग असतात, नक्षी शिकायला लागत नाहीत. परसातला कडू दुधी वेलावरच पूर्ण वाळू द्या. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की तयार. रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि सकाळी बोथट सुरीनं वरची बुरशीची साल खरवडा, खाली पिवळसर, हस्तिदंतासारखी कातडी लागते. कापताना आणि आतलं खरवडताना मास्क लावाच, त्या धुळीनं छाती भरते.

भोपळ्याच्या गोलाईवर यंत्र घसरतं. जुनी साडी गुंडाळून चुंबळ करा आणि भोपळा त्यात बसवा. घागर बसते तसा तो बसतो आणि हवा तसा फिरवता येतो. लाकडासारख्या रेषा नसल्यामुळे टोक कुठल्याही दिशेनं सारखंच चालतं. वळणं शिकायची असतील तर लाकडाआधी भोपळा घ्या, हे माझं ठाम मत.

---

गेरू · १३ मे, संध्याकाळी ७:३०

चांगला धागा. सगळीकडे ट्रे आणि किल्ल्यांच्या पाट्यांवर वारली भाजलेली दिसते, त्याबद्दल मला मनापासून काही म्हणायचं आहे.

वारली चित्र गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढतात. गडद भिंत, पांढरी रेघ. लग्नातला चौक सवाशिणी लिहितात आणि त्यात पालघाट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भाजताना हे सगळं उलट होतं. जमीन फिकट आणि रेघ काळी. त्यामुळे तीच आकृती उचलून भाजली की ती मला निर्जीव वाटते. करायचीच असेल तर आकृती सोडून आजूबाजूची जमीन भाजा. माणूस, झाड, तारपा लाकडाच्या मूळ रंगात राहील आणि भिंत गडद होईल. काम चौपट आहे. पण मग तिच्यात वारलीचा उजेड येतो. आणि देवचौक ट्रेवर काढू नये, असं माझं मत. तो चहाचे कप ठेवायला नसतो.

---

बोरू · १३ मे, रात्री ९:०५

गेरू, पूर्ण सहमत. जमीन भाजायची ही रीत अक्षरांनाही फार शोभते. काळ्या जमिनीत लाकडी रंगाचं अक्षर. उद्याच करून बघतो.

---

रंधा · १४ मे, सकाळी ६:४५

पाटीच्या पॉलिशचं राहिलं होतं. चपड्याचं पॉलिश देव्हाऱ्याला, पेटीला सुंदर, पण पावसाच्या दमट हवेत ते पांढरं पडतं. पडवीच्या तोंडाशी बाहेरच्या लाकडासाठीचं, उन्हापासून जपणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वार्निश, घ्या. आधी मऊ ब्रशनं अक्षरांतली काजळी झटका, नाहीतर पहिल्याच हातात ती फळीभर पसरते. दोन पातळ हात, मध्ये ३२० चा काचपेपर.

पोळपाट-लाटण्यासारख्या खाण्याच्या वस्तूला पीयू नको. त्याला जवसाचं कच्चं तेल आणि मधमाशीचं मेण. तेलानं भरलेली चिंधी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. आमच्या आळीत एका कारखान्याचं छप्पर असंच गेलं.

---

शाळाबाई · १४ मे, रात्री ८:१०

सुरीच्या पात्याबद्दल कुणी विचारलं नाही, तरी गणपतीआधी लिहून ठेवते. २०१८ च्या बंदीपासून थर्माकोलची मखरं गेली आणि ते योग्यच झालं. ज्यांच्याकडे जुना थर्माकोल उरलाय ते गरम पात्यानं कापायला बघतात. त्याचा धूर वाईट असतो, घरात तर मुळीच नको. गरम पातं वापरायचं ते सॅटिनच्या फिती आणि नायलॉनची दोरी कापायला. कड वितळून बंद होते, धागे सुटत नाहीत. आमच्या मखराच्या तोरणाच्या सगळ्या फिती तशाच कापल्यात, आणि कमानीवर 'श्री' शिवणीच्या तुकड्यावर भाजून लावलाय.

---

पडवी · १९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

धागा वर काढते, कारण पावसाळ्यानंतर पाटीचं काय झालं हे सांगायचं राहिलं होतं.

रंधादादांनी सांगितल्याप्रमाणे पीयूचे दोन हात दिले आणि मे अखेरीस पाटी दाराच्या चौकटीवर लावली. चार महिने पाऊस कोसळला. वाऱ्याबरोबर सरी पडवीत येत होत्या, पाटीच्या खालच्या कडेला थेंब लोंबायचे. अक्षरं जशीच्या तशी आहेत. शिरोरेखा अजून काळीभोर, 'ळ' च्या पाकळ्यांचा बदामी रंगही टिकला.

फळीनं मात्र बाक घेतला. मधे मागे गेली आणि दोन्ही कडा पुढे आल्या, बोटभर नाही पण पेन्सिल आत जाईल इतकं अंतर. दसऱ्याला मामानं ती उतरवली तेव्हा कारण दिसलं. पीयू मी फक्त पुढच्या बाजूला आणि कडांना दिलं होतं. मागची बाजू कोरी ठेवली होती, भिंतीलाच तर लागणार म्हणून. तिथून लाकडानं ओल ओढली. पुढची बाजू बंद, मागची फुगलेली, मग कडा पुढे वाकणारच.

पंधरा दिवस माळ्यावर दोन फळकुटांवर ठेवली, वर पाटा ठेवला. बरीच सरळ झाली. काल मागच्या बाजूलाही दोन हात दिले, आणि भिंतीपासून थोडी सुटी राहावी म्हणून मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले. उद्या सकाळी मामा पुन्हा लावणार आहे. मामीला मागच्या बाजूच्या त्या कोऱ्या लाकडावर घर बांधल्याचं साल हवं होतं, तेही रात्री भाजून घेतलं, पीयू द्यायच्या आधी. ते कुणाला दिसणार नाही, पण तिला ते तिथे आहे हे माहीत असेल.

---

रंधा · २० ऑक्टोबर, सकाळी ६:३०

मागची बाजू सांगायला मी विसरलो, ती चूक माझी. बुचाचे तुकडे छान सुचले. स्क्रूचं भोक फळीत जरा लांबट ठेवा, म्हणजे पुढच्या पावसात फळी फुगली तरी तिला सरकायला जागा राहील आणि ती तडकणार नाही.

---

पडवी · २० ऑक्टोबर, सकाळी ७:१०

मामा अजून शिडीवर चढला नाहीये. सांगते त्याला.